शेवटचा बाक

प्रवेशगीताचे दुसरे कडवे ऐन भरात असताना पायपेटी वाजवणारा माणूस उठून चालू लागतो, हे मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा त्यांना बरे वाटत नसावे असाच माझा समज झाला. सिल्वासात मी नवी होते आणि चर्चमध्ये मागच्या खांबाला धरून बसले होते. गाणाऱ्यांच्या माळ्यावरून येणारा पेटीचा आवाज एकाएकी नाहीसा झाला. गाणारे तसेच गात राहिले आणि लाकडी जिन्यावरून अर्ध्या बाह्यांचा पांढरा सदरा घातलेले एक उंच, सडसडीत वृद्ध गृहस्थ सावकाश खाली आले. कुणाकडेही न पाहता ते शेवटच्या बाकामागे जाऊन उभे राहिले. त्यांनी डोळे मिटले, मान किंचित डावीकडे कलती केली आणि अर्धे कडवे ऐकले. मग आले तसेच जिना चढून गेले. तिसऱ्या कडव्याच्या पहिल्या अक्षरावर पेटी पुन्हा सुरू झाली, नेमक्या त्याच सुरात.

माझ्या शेजारच्या बाई कुजबुजल्या, "घाबरू नका. आमचे मास्तर आहेत. शेवटचा बाक गातो की नाही ते बघून जातात."

मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, संपल्यावर मास्तरांनी मला पायरीवर गाठले.

"वसईच्या ना तुम्ही? मराठी शाळेत आलेल्या टीचर?"

मी हो म्हटले.

"तुम्ही ओठ हलवता."

"गाते मी. जरा हळू गाते."

"हळू गाणं मला ऐकू येतं. तुम्ही गात नाही. वर्गात शिकवतानासुद्धा ओठच हलवता काय?"

माझी ती लहानपणापासूनची खोड होती आणि वसईच्या आमच्या भरगच्च देवळात ती आजवर कुणाच्या लक्षात आलेली नव्हती. "आवाज आहे तुमच्याकडे," ते म्हणाले. "घरी ठेवून येता, एवढंच. शनिवारी संध्याकाळी तालमीला या."

मी गेले, आणि पुढे कित्येक वर्षे जात राहिले. माझे अक्षर बरे असल्यामुळे गीतांच्या प्रती करण्याचे काम माझ्याकडे आले. त्या कामाच्या आडोशाला मला न गाता बसता येई. चाली मात्र सगळ्या कानांत मुरल्या. रविवारी मी माळ्यावर न जाता माझ्या खांबापाशीच बसत असे.

मास्तरांचे आजोबा पोर्तुगीज अमलात चर्चच्या गायनासाठी गोव्याहून इकडे आले. मग वडील, मग हे. आजोबांपासूनची एक जाडजूड वही त्यांच्याकडे होती. आधी लॅटिन, मग पोर्तुगीज आणि कोंकणी, शेवटी मराठी, अशी तीन पिढ्यांच्या तीन हस्ताक्षरांत उतरवलेली दोनशे बारा गीते तीत होती. वेदीच्या उजव्या भिंतीवर एक लाकडी फळी असे आणि तिच्या खाचेत मास्तर आकड्यांच्या पट्ट्या सरकवून ठेवत. आकडा वहीतल्या गीताचा. गीताचा क्रमांक ध्वनिक्षेपकावरून सांगितलेला त्यांना खपत नसे. "आपण डेपोत उभे आहोत काय?" असे ते विचारत.

पोटापाण्यासाठी मात्र त्यांनी आयुष्यभर जवळच्या सायली गावातल्या एका यार्न कंपनीत फिटरचे काम केले होते. यंत्राजवळ जाऊन डोळे मिटून, तीच मान कलती करून, कुठल्या चात्याचे बेअरिंग आठवड्याभरात जाणार ते ते सांगत, असे त्यांचे जुने सोबती सांगायचे. त्यांच्या पत्नीला या कानाचे फारसे कौतुक नव्हते. "कंपनीतलं बेअरिंग ऐकू येतं," त्या म्हणत, "घरातलं मीठ संपलं हे चारदा सांगितलं तरी ऐकू येत नाही."

तालमीत पेटी नसे, ती माळ्यावरच राही. सूर मिळे तो जवळच्या कारखान्याच्या सहाच्या भोंग्यातून. भोंगा होईपर्यंत सगळे गप्प बसत. तो वाजला की मास्तर बोट वर करत आणि म्हणत, "काळी चार. धरा." रविवारी भोंगा नसे. तेव्हा तो सूर आदल्या संध्याकाळपासून डोक्यात जपून ठेवायचा, अशी त्यांची आज्ञा होती. एकदा कारखान्याने भोंगा बदलला आणि नवा भोंगा अर्ध्या सुराने चढा निघाला. मास्तरांनी व्यवस्थापकाला रीतसर पत्र लिहिले. पत्राची प्रत मीच केली होती. उत्तर आले नाही. नाइलाजाने आम्ही सगळे अर्ध्या सुराने वर गेलो आणि पायपेटीवरची त्यांची बोटे एक पट्टी पुढे सरकली. तरी पुष्कळ दिवस ते कारखान्यालाच बेसूर म्हणत राहिले.

चाल शिकवण्यापूर्वी शब्द नुसते वाचायचे आणि अर्थ सांगायचा. ज्याला ओळीचा अर्थ सांगता येणार नाही त्याने त्या ओळीपुरते तोंड मिटायचे. टपाल खात्यातून निवृत्त झालेले एक खर्जातले गृहस्थ होते. त्यांना एका लॅटिन ओळीचा अर्थ कधीच लक्षात राहिला नाही. दर सणाला ती ओळ आली की तळातला आवाज नाहीसा होई आणि पुढच्या ओळीला परत येई. लोकांना ती त्या गीताची रचनाच वाटत असे.

कडवी गाळणे त्यांना मंजूर नव्हते. फादर वेदीपाशी पोचून हात जोडून उभे असत, सहायक ताटकळत असत, पण पाच कडवी असतील तर पाचही होत. कुणी त्यावर बोलले तर म्हणत, "फादर थांबतात. त्यांना बसायला खुर्ची आहे. पाचव्या कडव्याला कोण आहे?"

हे सगळे ज्यासाठी चालले होते तो म्हणजे शेवटचा बाक. त्यांचे म्हणणे सरळ होते. पहिल्या बाकावरचे लोक गाणारच, कारण फादर त्यांना पाहतात. माळ्यावरच्या लोकांना तर गाण्यासाठीच बसवलेले असते. शेवटच्या बाकावर उशिरा आलेला, थकलेला, कुणी ओळखत नाही असा माणूस बसतो. "तो गायला तर देवळात गाणं झालं," ते म्हणत. "नाहीतर आपण आठ जण वर बसून ओरडलो." माळ्यावर मात्र आठ जणांच्या आवाजापलीकडचे काही ऐकू येत नाही, म्हणून त्यांना खाली यावे लागे.

पुढे त्यांचे गुडघे गेले. वर एकदा चढायचे आणि खाली एकदा उतरायचे, एवढेच डॉक्टरांनी त्यांना ठेवले. त्या रविवारी मिस्सा संपल्यावर त्यांनी मला विचारले, "टीचर, तुम्ही मागंच असता. शेवटचा बाक?"

"गात होता, मास्तर," मी म्हटले. त्या दिवशी ते खरेही होते.

मग दर रविवारी तोच प्रश्न आणि तेच उत्तर. हळूहळू उत्तर खरे राहिले नाही. मागे बसणारी जुनी कुटुंबे कुणी दमणला गेली, कुणी परदेशी. उरलेली वयोमानाने पुढच्या बाकांवर सरकली. कारखाने वाढले तशी मागच्या बाकांवर झारखंडातून आणि ओडिशातून आलेली माणसे बसू लागली. पाळी सुटल्यावर आमली भागातल्या खोल्यांवर न जाता ती थेट मिस्सेला येत आणि आमचे मराठी गीत चालू असताना नम्रपणे उभी राहत. मी पाहत होते. पायरीवर मास्तर वाट पाहत उभे असत आणि मला एवढेच वाटे की या वाक्याने त्यांचा रविवार बरा जातो. एकदा "नाही" म्हटले असते तर पुढचे सगळे बोलणे मला करावे लागले असते. तेवढे धैर्य माझ्याकडे नव्हते. "गात होता, मास्तर." चार वर्षे मी हे म्हणत होते.

ग्लेन आला तो याच काळात. एका प्लास्टिक कंपनीत इंजिनीअर, तिशीचा, हसतमुख. तो गिटार वाजवी, त्याच्या मित्राकडे ताल देणारा कीबोर्ड होता आणि नव्या पद्धतीची, बहुतेक हिंदी, गीते त्यांनी बसवली होती. महिन्यातून एका रविवारी नऊची मिस्सा त्यांना मिळत असे. कीबोर्डच्या तालात मागच्या बाकांचे काही ऐकू येत नसे. मास्तरांना गिटारचा राग नव्हता. त्या रविवारी ते लवकर येत, ग्लेनच्या हातातून गिटार घेत, खुंट्या पिळून सुरात आणत आणि परत देत.

"अंकल, लोकांना आता ठेका लागतो," ग्लेन म्हणे.

"ठेका वरातीत लागतो. इथं येतात त्यांची वरात होऊन गेलेली असते."

"मग तुम्ही गिटार कशाला लावून देता?"

"चुकीचं गायचं ठरवलंच आहेस, तर निदान सुरात गा."

नवे फादर आले. त्यांनी सुचवले की नऊची मिस्सा, म्हणजे मोठी मिस्सा, कायमची नव्या गीतांकडे द्यावी आणि जुनी गीते सकाळी साडेसहाच्या लहान मिस्सेला व्हावीत. साडेसहाला पंधरा-वीस माणसे असत. वही बंद होणार हे आम्हा सर्वांना कळून चुकले. माळ्यावरच्या मंडळींनी विनंतीअर्ज करायचे ठरवले आणि तो लिहिण्याचे काम अर्थातच माझ्याकडे आले. मी दोन संध्याकाळी बसून तो लिहिला. 'संपूर्ण जनसमुदाय, अगदी शेवटच्या बाकापर्यंत, ही गीते आजही मनोभावे गातो' असे एक वाक्य त्यात होते. ते सर्वांना फार आवडले. मास्तरांनी ते दोनदा वाचले.

बैठक चर्चशेजारच्या खोलीत झाली. फादरांनी अर्ज शांतपणे वाचला आणि म्हणाले, "मास्तर, तुमचं मन मोडावं असं मला वाटत नाही. पण लोकांचं मन कसं कळणार?"

"सोपं आहे," मास्तर म्हणाले. "उपवासकाळ लागतोय. त्यात मी पेटी उघडत नाही, ठाऊक आहे तुम्हाला. ग्लेननंही गिटार ठेवून द्यावी. वाद्याशिवाय एक रविवार आमचा, एक त्यांचा. मी शेवटच्या बाकावर बसतो. तो बाक सांगेल ते खरं."

ग्लेन म्हणाला, "अंकल, बघा हं. नंतर रागवायचं नाही."

"मला ठाऊक आहे बाक काय सांगतो. टीचर दर रविवारी मला सांगतात."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी अर्जाच्या प्रती सारख्या करत होते. त्या वेळीही मला बोलता आले असते.

पहिला रविवार आमचा होता. खर्जातल्या गृहस्थांवर गायनाची जबाबदारी सोपवून मास्तर शेवटच्या बाकावर टोकाला बसले. त्यांच्या शेजारी फुलमनी नावाची, सायलीच्या एका कंपनीत पॅकिंगचे काम करणारी चाळिशीची बाई होती आणि तिच्या खोलीतल्या दोघी. फळीवर एकशे अठरा लावलेले होते. ते ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाचे जुने मराठी गीत मास्तरांच्या वडिलांनी वहीत उतरवले होते. त्याची चाल इतकी साधी आहे की ती चढत नाही, उतरत नाही, नुसती चालत राहते. पुढचे बाक गायले. मधले बाक थोडे गायले. मास्तरांनी डोळे मिटले, मान कलती केली आणि पाचही कडवी ते तसेच बसून राहिले. एकदा त्यांनी डोळे उघडून शेजारी पाहिले. फुलमनी फळीवरच्या आकड्याकडे आदराने पाहत उभी होती. मी खांबापाशी होते. माझे ओठ हलत होते.

पुढच्या रविवारी ग्लेनच्या मंडळींनी एक हिंदी गीत उचलले. दुसऱ्या ओळीला मागून आवाज आला. फुलमनीचा आवाज उंच आणि जरा खरखरीत होता. तिच्यामागे त्या दोघी, मग पलीकडचे पुरुष, मग मागचे तिन्ही बाक. झारखंडातल्या त्यांच्या गावच्या देवळात ते गीत म्हटले जात असणार, कारण ती माणसे आपोआप दोन सुरांत विभागली आणि ग्लेनला ठाऊक नसलेले एक कडवेही त्यांनी म्हटले. पुढचे लोक वळून पाहू लागले. मास्तर डोळे मिटून बसले होते. त्यांच्या गुडघ्यावरचे बोट ठेका देत नव्हते, ते नुसते वर झाले होते. शनिवारी भोंगा वाजल्यावर होई तसे.

दुसऱ्या बैठकीत त्यांनी कुणाला बोलू दिले नाही. "नऊची मिस्सा ग्लेनची," ते म्हणाले. "अर्ज परत घेतो. दोन गोष्टी मात्र पाळा. कडवी गाळायची नाहीत. आणि गिटार लावून घ्यायची."

"अंकल, गिटार तुम्हीच लावून द्या," ग्लेन म्हणाला.

बाहेर पडताना मी त्यांच्या मागोमाग गेले. क्षमा कशी मागायची हे रस्ताभर मनात जुळवत होते. फाटकापाशी ते थांबले.

"किती वर्षं, टीचर?"

"चार असतील."

"चार." त्यांनी मान हलवली. "बेअरिंग वाजायला लागलं की सांगायचं असतं. चांगलं चाललंय म्हणून कुणी सांगत राहिलं तर मशीन बसतं." मग फाटक उघडत म्हणाले, "तुम्ही मला बरं वाटावं म्हणून म्हणत होता, हे कळतं मला. पण तेवढी वर्षं ती माणसं गप्प उभी राहिली ना."

त्यांनी मला पुन्हा कधी शेवटच्या बाकाबद्दल विचारले नाही. विचारायची गरजही उरली नव्हती, कारण ते आता तिथेच बसत. पुढच्याच रविवारी ती जुनी वही उघडून त्यांनी फुलमनीला विचारले, "बहनजी, वो गाना फिर से बोलो. धीरे धीरे." तिने सांगितले, त्यांनी लिहिले. देवनागरीत, आपल्या लपेटदार अक्षरात, दोनशे बारानंतर दोनशे तेरा. प्रत्येक ओळीला ते अर्थ विचारत. एका ओळीला फुलमनी अडली.

"मतलब तो नहीं मालूम, बाबा. बचपन से गाते हैं."

"फिर ये लाइन में चुप रहना."

ती इतकी हसली की पुढच्या बाकावरची माणसे वळली. पण पुढच्या आठवड्यात गावी फोन करून अर्थ विचारून आली. फळीवरचे आकडे म्हणजे काय, हेही तिने त्यांना तेव्हाच विचारले. "हमको लगा, आज कितने आदमी आए, वो लिखते हैं," ती म्हणाली. मास्तरांनी ते घरी जाऊन पत्नीला सांगितले आणि त्या ते पुढे कैक दिवस सगळ्यांना सांगत होत्या.

साडेसहाच्या मिस्सेला जुनी गीते होत राहिली, जमतील तशी. मास्तर दोन्ही मिस्सांना येत. सकाळी माळ्यावर पेटी, नऊला शेवटचा बाक. वही दोनशे एकतीसपर्यंत गेली. तालमीला मी जातच राहिले. ते पूर्वीसारखेच बोलत, माझ्या प्रतींतले अक्षर वाखाणत. तरी मला वाटे की ज्या कानाने ते बेअरिंग ऐकत तो आता माझ्या बाजूला कलत नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर ते गेले. फार दुखणे काढले नाही. महिन्याभराने एका रविवारी नऊच्या मिस्सेनंतर त्यांच्या पत्नी प्लास्टिकच्या पिशवीत वही घेऊन आल्या. मी खांबापासून उठले. इतक्या वर्षांत त्या वहीतली बहुतेक गीते माझ्या हातून उतरली होती, ती माझ्याकडे येणार हे मी कुठेतरी गृहीत धरले होते. माझा हात थोडा पुढे झालाही. बाई माझ्याजवळ थांबल्या, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि शेवटच्या बाकाकडे गेल्या. "आत नाव लिहून ठेवलंय त्यांनी," त्या फुलमनीला म्हणाल्या. "तुमचं."

फुलमनीने पिशवी कपाळाला लावली.

यंदाच्या उपवासकाळातल्या पहिल्या रविवारची ही गोष्ट. चर्च रिकामे झाले होते. ग्लेन गिटारविना मोकळ्या हातांनी बाहेर मित्रांशी बोलत होता. मी निघाले तेव्हा फुलमनी एकटीच बाकावर वही उघडून बसली होती आणि बोट ठेवून वाचत होती. अक्षरे तिच्या ओळखीची होती, हिंदीचीच. भाषा तेवढी परकी.

"मैडम," तिने हाक मारली. "ये एक सौ अठारह. पढ़ लेते हैं हम. धुन क्या है इसका?"

मी म्हटले, माळ्यावरच्या खर्जातल्या साहेबांना विचारते.

"वो तो साढ़े छह वाले में आते हैं, चले गए. आपको नहीं आता?"

"आता है," मी म्हटले.

ती सरकली. मी खांब सोडून तिच्या शेजारी बसले. आधी ओळीओळीचा अर्थ तिला सांगितला, कारण मतलब सांगितल्याशिवाय गाणे मना आहे, बाबा असे म्हणत, हे तिने मला बजावले. पाचही कडव्यांचा अर्थ झाला. मग ती वहीवर बोट ठेवून, मान किंचित डावीकडे कलती करून वाट पाहू लागली.

रविवार होता. भोंगा होणार नव्हता. सूर मी लावला.